पोळी, पुट्टू आणि पाव

२०२३ सालच्या फेब्रुवारीतला एक रविवार मला अजून जसाच्या तसा आठवतो. संध्याकाळची वेळ. आईनं फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता, केस नीट विंचरले होते आणि ताटलीत गूळपोळी घेऊन ती नातवाची वाट बघत बसली होती. माझी धाकटी बहीण जर्मनीत स्टुटगार्टला असते. तिचा मुलगा तेव्हा पावणेचार वर्षांचा होता. तो दिसल्याबरोबर आईनं ताटली पुढं केली आणि विचारलं, "ओळख बघू राजा, काय आहे हे?"

पोरानं एकदा आजीकडं पाहिलं, मग मान वळवून आपल्या आईला जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. बहीण क्षणभर गप्प झाली. आई माझ्याकडं वळून म्हणाली, "काय म्हणाला गं?" मला कुठं जर्मन येतंय! तेवढ्यात बहीणच म्हणाली, "गोड आहे का, असं विचारतोय."

रात्री उशिरा तिचा मला एकटीला फोन आला. आवाज रडवेला. "ताई, तो म्हणाला, ही बाई काय बोलतेय?"

मैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणींचं कुणी ना कुणी परदेशात आहे. कुणाची मुलगी, कुणाचा दीर, कुणाची भाची. त्यांना काय पाठवायचं, मेतकूट टिकतं का, चकलीची भाजणी विमानात चालते का, याबद्दल आपण भरभरून बोलतो. पण घर दोन प्रांतांचं असलं आणि ते उचलून तिसऱ्याच देशात नेऊन मांडलं की त्यात काय काय हलतं, याचा विचार निदान मी तरी केलेला नव्हता. शिवाय या गोष्टीत माझाही एक दोष आहे, तो सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही.

आमचे जावई त्रिशूरचे, मल्याळी. दोघं पुण्यात एका कचेरीत होती. २०१४ साली लग्न झालं. दोन्ही घरी थोडी कुरकुर झाली, मग सगळं सुरळीत झालं. त्या वेळी मी थोरली म्हणून, आणि मराठी शिकवते म्हणून जरा जास्तच अधिकारानं, बहिणीला सांगितलं होतं, "हे बघ, तुझी भाषा की त्याची, असा वाद घरात आणूच नका. दोघं इंग्रजीत बोला, म्हणजे ना तुझं ना माझं." तिला ते पटलं. मलाही मी फार समंजस बोलले असं वाटलं होतं.

पुण्यात हे निभलं, कारण भोवतालची हवाच मराठी होती. कामाला येणाऱ्या मावशी मराठी, भाजीवाला मराठी, शेजारची पोरं मराठी. जावई तर भाव करण्यापुरतं झकास मराठी शिकले होते. शनिवारी सकाळी ते स्वतः पुट्टू करायचे. तांदळाचं भरड पीठ आणि ओलं खोबरं एकाआड एक नळीत भरून वाफवायचं, आणि वर काळ्या हरभऱ्याची उसळ. इतर दिवशी पोळी-भाजी. एक गंमत मात्र आमच्याकडं अजून सांगतात. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला आई म्हणाली, "चक्का टांगलाय, उद्या श्रीखंड." जावई बिचारे टांगलेला फणस शोधत स्वयंपाकघरभर फिरले. मल्याळममध्ये चक्का म्हणजे फणस! ही असली मिसळण सुखाची असते हो. तिला जमिनीचा आधार असतो.

२०१७ साली जावयांना स्टुटगार्टला मोटारींच्या धंद्यात नोकरी मिळाली. पुण्याच्या कितीतरी इंजिनियरांना त्या गावाचं नाव पाठ असतं. आणि मुंबईशी तर त्या गावाचं १९६८ सालापासून भगिनी-शहराचं नातं आहे. बहीण गेली ती उत्साहात. आणि पहिला धक्का बसला स्वयंपाकघराचा. तिकडे भाड्याच्या घरात पुष्कळदा स्वयंपाकघर म्हणजे नुसती खोली असते. ओटा नाही, शेगडी नाही, भांडी घासायचं सिंकसुद्धा नाही. आधीचा भाडेकरू आपलं सगळं उचकटून नेतो. पंधरा दिवस तिनं न्हाणीघराच्या बेसिनमध्ये तांदूळ धुतले.

कुणी जाणार असेल तर दोन-चार गोष्टी इथंच सांगून टाकते. इंडक्शनच्या शेगडीवर ॲल्युमिनियमचा कुकर आणि तवा चालत नाही, तेव्हा नेण्याआधी भांड्याच्या बुडाला लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर न्या, नाहीतर ओझं वाहू नका. साजूक तूप, पेढे, खवा सामानात घालू नका. युरोपात बाहेरून दूधदुभत्याचं आणि मांसाचं काहीही न्यायला बंदी आहे. आईनं दिलेली तुपाची बरणी अशीच विमानतळावर गेली. खरं तर तिथलं बिनमिठाचं लोणी कढवलं की उत्तम तूप होतं. नारळ मात्र चालतो. पिठाच्या पुडीवर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितका कोंड्याचा अंश जास्त. ४०५ म्हणजे आपला मैदाच, त्याच्या पोळ्या करू नयेत. आणि 'क्वार्क' नावाचा दह्यासारखा घट्ट पदार्थ डब्यात मिळतो, तो फडक्यात बांधून तासभर ठेवला की श्रीखंडाला चक्का तयार.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे वाफ. तिकडची घरं थंडीसाठी घट्ट बंद केलेली असतात. आपला भात, डाळ, इडली यांची वाफ कोपऱ्यात जाऊन बसते आणि भिंतीला काळी बुरशी येते. मग घरमालकाशी वाद. तिथली रीत अशी की दिवसातून तीन-चारदा खिडक्या सताड उघडायच्या, पाच-दहा मिनिटांनी परत बंद करायच्या. बाहेर बर्फ असला तरीसुद्धा. बहिणीला हे पटायला एक अख्खा हिवाळा लागला. फोडणी टाकायच्या आधी कोट उचलून निजायच्या खोलीत ठेवायचे आणि दार लावायचं, हेही ती शिकली. नाहीतर दुसऱ्या दिवशी ट्राममध्ये आपल्या आधी आपली मोहरी पोचते.

पण असं करता करता फोडणी हळूहळू कमीच झाली. पोळी केली तर त्याला भात हवा असतो, भात केला तर हिचं पोट भरत नाही, त्यापेक्षा पाव आणि चीज बरं. जर्मन लोक रात्री थंडच जेवतात, पाव आणि त्यावर काहीतरी. सोपं, वास नाही, भांडी नाहीत, भांडण नाही. खोबरेल तेलाची बाटली थंडीनं दगडासारखी गोठून फडताळात पडून राहिली. ही सगळी सोय होती, आणि सोयीला कोण नावं ठेवणार?

तिनं जर्मन शिकायला घेतलं. बाहेरून येऊन राहणाऱ्यांसाठी सरकारी अभ्यासक्रम असतो, साधारण ६०० तास भाषेचे आणि १०० तास तिथल्या कायद्याचे, इतिहासाचे. एक तास ४५ मिनिटांचा. वर्गातले सगळे नामांच्या तीन लिंगांनी रडकुंडीला आले, पण हिला त्याचं नवल वाटलं नाही. आपल्याकडं तो, ती, ते आहेच की. फक्त सूर्य तिथं 'ती' आहे, आणि मुलगी 'ते'. ही मला म्हणाली, "ताई, आपल्या मालवणीत चेडू 'तां'च असतं ना, तसंच हे." मी शाळेत ही गोष्ट सांगितली तेव्हा सातवीच्या मुली खूष झाल्या.

२०१९ च्या मे महिन्यात मुलगा झाला. आणि बाळाच्या नावापासून सुरुवात झाली. जावयांच्या नावाला आडनावच नाही. त्यांच्याकडं वडिलांच्या नावाचं आद्याक्षर लावायची पद्धत. बहिणीनं माहेरचं आडनाव ठेवलेलं. जर्मन फॉर्मवर तर आडनावाचा रकाना भरल्याशिवाय कागद हलत नाही. कसंबसं जुळलं. (परदेशात बाळ झालं आणि ते भारताचं नागरिक राहावं असं वाटत असेल, तर वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत जन्माची नोंद करून घ्यावी लागते, हे विसरू नका. बाळंतपणाच्या गडबडीत बारा महिने कधी जातात कळत नाही.)

आई बाळंतपणाला जाणार होती, पण पायाचं दुखणं निघालं. पुढच्या वर्षी जाऊ म्हणाली, तर २०२० उजाडलं आणि साथीनं सगळ्यांनाच घरात कोंडलं. त्या दोन वर्षांत पोरगा बोलायला लागला. म्हणजे लागायला हवा होता. घरात आईबाप एकमेकांशी इंग्रजी बोलतायत. आई त्याच्याशी मराठी, पण थोडं दबकत, नवऱ्याला परकं वाटू नये म्हणून. बाप दिवसभर संगणकासमोर, त्याच्याशी मल्याळम बोलणार म्हटलं तर कधी?

तीन वर्षांच्या सुमाराला मुलांची तिथं ठरलेली तपासणी असते. त्याच सुमाराला तो बालवाडीत, तिकडे 'किटा' म्हणतात, जायला लागला होता. आपल्याकडं रडणारं पोर फाटकात सोडून आपण पाठ फिरवतो. तिथं आईला पहिले काही दिवस वर्गातच बसवून घेतात, मग पाच मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, असं दोन-तीन आठवडे. मी शिकवते म्हणून सांगते, ही पद्धत मला फार आवडली. तर तिथल्या एका बाईंनी आपुलकीनं सांगितलं की याचे शब्द कमी आहेत, घरी जर्मनच बोलत जा. बहीण घाबरली. डॉक्टरांकडंही कपाळाला आठी दिसली. झालं, दुसऱ्या दिवसापासून घरात मराठी बंद.

आता विचार करा. हिचं जर्मन दीड वर्षांचं, तेही मध्येच तुटलेलं. त्या जर्मनमध्ये ती पोराला काय काय सांगणार? ये, बस, खा, हात धू. संपलं. पडला तर फुंकर घालताना काय म्हणायचं? हट्टाला आला तर कसं वळवायचं? निजवताना काय बडबडायचं? ती मला म्हणाली होती ते मी विसरणार नाही. "ताई, मराठीत मी त्याची आई आहे गं. जर्मनमध्ये मी तिसरीतली मुलगी आहे. आणि तो आता चौथीत गेलाय."

सहा महिन्यांत पोरानं किटामध्ये जर्मन असं उचललं की आईच्या चुका काढायला लागला. त्याची भाषा वाढली, हे खरंच. पण घरात बोलणं उरलं नाही. आणि मग तो फेब्रुवारीतला रविवार आला.

त्या रात्री मी तिला धीर द्यायला म्हणून काहीबाही बोलले आणि फोन ठेवल्यावर स्वतःशीच खजील झाले. "ना तुझं ना माझं" हे शब्द माझे होते. दोघांनी समंजसपणानं आपापलं दाराबाहेर ठेवलं, आणि रिकाम्या घरात शेजाऱ्याचं येऊन बसलं. शेजारी वाईट नाही हो. पण आपण उठून जागा का दिली?

वाट दाखवली ती एका म्हाताऱ्या मल्याळी बाईंनी. १९६० नंतरच्या काळात केरळातल्या पुष्कळ तरुण मुली चर्चच्या मार्फत पश्चिम जर्मनीच्या दवाखान्यांत नर्स म्हणून गेल्या. अठरा-वीस वर्षांच्या पोरी, अंगावर सुती कपडे, भाषेचा गंध नाही. त्यांनी मायदेशी जाऊन लग्नं केली, नवऱ्यांना घेऊन आल्या, तर कित्येक नवऱ्यांना सुरुवातीची काही वर्षं कामाचा परवानाच मिळेना. बायको दवाखान्यात आणि नवरा घरी मुलं सांभाळतोय, स्वयंपाक करतोय, असा तो उलटा संसार. आज आपल्याला कौतुक वाटतं, तेव्हा त्या पुरुषांना काय वाटलं असेल कुणास ठाऊक. या बाई त्यांतल्याच. ओणमच्या जेवणात ओळख झालेली, जावयांना मुलासारखं मानायच्या. बहिणीनं सगळं सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत की समजूतही काढली नाही. म्हणाल्या, "मलाही शाळेतून हेच सांगितलं होतं. मी ऐकलं. माझ्या मुली आज पन्नाशीच्या आहेत. माझी आई गेली तेव्हा त्या तिच्या उशाशी उभ्या होत्या, आणि तिला कळेल असा एक शब्द त्यांच्याजवळ नव्हता." मग म्हणाल्या, "माझ्या वेळी विचारायला कोणी नव्हतं. तुला आहे. विचार."

तिथं बोलण्याचा उपचार करणाऱ्या तज्ज्ञ असतात. बहीण पोराला घेऊन एकीकडं गेली. त्या बाईंनी त्याच्याशी तासभर खेळून पाहिलं आणि हिला म्हणाल्या, तुम्ही शब्द मोजताय, पण एकाच पेटीतले. त्याच्याजवळ 'पाणी' आहे, 'वेळ्ळम्' आहे आणि 'वासर' आहे, तिन्ही मोजा. अनेक भाषांमुळं मूल मागं पडत नाही. खरोखर बोलण्यात अडचण असेल तर ती त्याच्या सगळ्याच भाषांत दिसेल, इथं तसं नाही. जर्मन तो बाहेरून घेईलच, ते थोपवायचं म्हटलं तरी तुम्हाला थोपवता येणार नाही. तुम्ही त्याच्याशी त्या भाषेत बोला, जिच्यात तुम्हाला रागावता येतं. आणि नवऱ्यानं त्याच्या. जर्मनमध्येही शब्द आहे, 'मुटरश्प्राख', अक्षरशः मातृभाषा.

मला वाटलं, चला, सुटलं. पण सुटलं नाही. कारण हिनं मराठी सुरू केलं आणि घरात दुसरंच रामायण झालं. ही दिवसभर मुलाजवळ. किटातून आणायची ही, न्हाऊ घालायची ही. महिन्याभरात पोरगा मराठीत टुणटुण बोलायला लागला, आणि जावई एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "या घरात आता मी पाहुणा झालोय." पुण्यात आठ-नऊ वर्षांपूर्वी ज्या वादाला घाबरून मी इंग्रजी सुचवली होती, तो वाद आता जर्मनीत उभा राहिला. आणि खरं सांगू, तो व्हायलाच हवा होता. दोघं दोन रात्री भांडली. पहिल्यांदा मनातलं बोलली. जावयांचं म्हणणं खरं होतं. त्रिशूरच्या आजीलाही, तो तिला अच्छम्मा म्हणतो, नातू हवाच होता. तिनं आमच्या आईसारखं कधी बोलून दाखवलं नव्हतं इतकंच.

मग त्यांनी जे केलं ते ठरवून केलं. निजवण्याची वेळ बापाची. रोज रात्री गोष्ट मल्याळममध्ये, कितीही उशीर झाला तरी. शनिवारची सकाळ आणि स्वयंपाकघर बापाचं. पुट्टूची नळी माळ्यावरून खाली आली. पीठ भिजवणं पोराचं काम, आणि त्या वेळात इंग्रजी बंद. बाकी दिवस आईचं मराठी. बायकोनं रोज पाच मल्याळम शब्द विचारायचे आणि नवऱ्यानं आपलं भाजीवाल्यापुरतं मराठी जरा वाढवायचं. हे सगळं कागदावर लिहून फ्रिजला लावलं. त्यातलं निम्मं पाळलं गेलं, म्हणजे पुष्कळच झालं.

आणि मग एक शोध लागला, तो मला इतका आवडला की मी शाळेत फळ्यावर लिहिला. मुलगा एकदा खिडकी उघडल्यावर कुडकुडत म्हणाला, "मला थंड आहे." बहिणीनं सुधारलं, "मला थंडी वाजते." मग तिच्या लक्षात आलं की तो जर्मनमधून आणतोय, 'मिअर इस्ट काल्ट', म्हणजे शब्दशः 'मला थंड आहे'. जावई म्हणाले, आमच्यातही 'एनिक्क तणुक्कुन्नु', एनिक्क म्हणजे मला. मला, एनिक्क, मिअर! तिन्ही भाषांत थंडी आपल्याला येऊन लागते. एका इंग्रजीत तेवढा माणूस स्वतःच थंड असतो. ज्या भाषेला आम्ही मध्यस्थ नेमलं होतं, नेमकी तीच वेगळी निघाली.

२०२३ च्या मे महिन्यात आई गेली. व्हिसा जास्तीत जास्त ९० दिवसांचा, आणि ३०,००० युरोंचा तरी प्रवासविमा काढावा लागतो. तुमच्या घरातलं वडीलधारं माणूस जाणार असेल तर विम्यात जुनी दुखणी धरली आहेत का, हे बारकाईनं वाचा. आईची गुडघेदुखी धरलेली नव्हती.

सदुसष्ट वर्षांची बाई, जर्मनचा एक शब्द येत नाही. स्टुटगार्टकडं जिना झाडण्यापुसण्याची पाळी असते, 'केअरवोख' म्हणतात. ज्या घराची पाळी त्याच्या दाराला पाटी लटकते. बहिणीला या पाटीची धास्ती असायची. आईनं पाटी पाहिली, केरसुणी मागितली आणि तीन मजल्यांचा जिना, कठड्यासकट, असा लख्ख केला की खालच्या मजल्यावरची सहा वर्षांत न बोललेली आजी केकचा तुकडा घेऊन वर आली. पण पुढच्याच रविवारी आईनं दुपारी मिक्सरवर चटणी वाटली आणि दाराखालून चिठ्ठी सरकली. रविवारी तिकडे आवाज करत नाहीत. आई म्हणाली, "बरंय की. आपल्याकडं कधी मिळायचा असा रविवार?" दुसऱ्या दिवसापासून चटणी खलबत्त्यात.

नातवाशी तिचं पहिले आठ दिवस काही जमलं नाही. तो तिच्याभोवती मांजरासारखा फिरायचा, जवळ यायचा नाही. तिनंही ओढून घेतलं नाही. सोलायला मटार घेऊन जमिनीवर बसायची. नवव्या दिवशी तो समोर येऊन बसला. दाणे मोजू लागला, जर्मनमध्ये. तिनं मराठीत मोजले. चुकली की तो हसायचा, तो चुकला की ती. ऑगस्टमध्ये ती परत निघाली तेव्हा विमानतळावर तो जे रडला, ते सगळं मराठीत रडला, असं बहीण सांगते.

परत आल्यावर आईनं फोनवर बोलायची पद्धतच बदलली. माझ्या वाचक आज्यांना हे मुद्दाम सांगते. "जेवलास का? काय जेवलास? अभ्यास झाला? शहाणा आहेस ना?" या चार प्रश्नांपलीकडं आपलं बोलणं जात नाही, आणि पोरं कंटाळून पळतात. आई आता प्रश्न विचारत नाही. फोन टेकवून ठेवते आणि कामाला लागते. मटार सोल, वाती वळ, चकल्या पाड. तो तिकडे रंगवत बसतो. कधी दहा मिनिटं दोघं गप्प, मग एकदम, "आजी, हे काय गं?" आणि त्रिशूरची अच्छम्माही तेच करते, ती नारळ खवते.

२०२५ च्या सप्टेंबरात तो पहिलीत गेला. तिथं शाळेच्या पहिल्या दिवशी मुलाच्या हातात त्याच्याएवढा कागदी शंकू देतात, खाऊ आणि वस्तूंनी भरलेला. 'शूलट्यूट' त्याचं नाव. आपल्या मुंजीतल्या भिक्षावळीची मला आठवण झाली. बहिणीनं त्यात रंगीत खडू घातले, जावयांनी केळ्याचे वेफर्स घातले, आमच्याकडून शेंगदाण्याची चिक्की गेली होती. फोटोत तो शंकूमागं जवळजवळ झाकला गेलाय, नुसते डोळे दिसतात.

सगळं गोड झालं असं मात्र समजू नका. मल्याळम अजून मराठीच्या मागंच आहे आणि जावयांना ते लागतं. त्यांना कामासाठी फिरतीवर जावं लागलं की रात्रीची गोष्ट बुडते. वाचायला-लिहायला तर तो जर्मनच शिकतोय. देवनागरीची बाराखडी त्याला कोण शिकवणार, हा प्रश्न आहे. मी रविवारी अर्धा तास शिकवते, पण फळा आणि पडदा यात फरक पडतो. शाळेतले मित्र घरी आले की तो आईला हळूच म्हणतो, आता मराठी नको. बहिणीला पहिल्यांदा हे लागलं होतं. आता ती मित्रांदेखत जर्मनमध्ये, चुका करत, मजेत बोलते आणि ते गेले की पुन्हा मराठीत. पोरं तिच्या चुकांना हसतात, ती त्यांना पुट्टू खायला घालते.

त्या फेब्रुवारीतल्या रविवारची गोष्ट मी आईला कधीच सांगितली नव्हती. या दिवाळीत चकल्यांचा घाणा उतरवताना तीच म्हणाली, "तो तेव्हा 'ही बाई कोण' असंच काहीतरी म्हणाला होता ना? तुम्ही दोघींनी गोड आहे का म्हणून मला फसवलंत." मी नुसती बघत राहिले. "अगं, चेहऱ्यावरून कळतं," ती म्हणाली, "भाषा कशाला लागते?" आणि तेवढ्यात फोन वाजला, तेव्हा कणकेचा हात पदराला पुसून तिनंच तो उचलला.

परवा तासभर दोघांचं काय खुसुखुसू चाललं होतं ते मी विचारलं. तर म्हणाली, "तुला काय करायचंय? आमचं आमचं आहे ते."